ताट परत येतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेतल्या जेवणाचा विषय निघाला की बोलणं सुरू होतं ते किती शिजवलं आणि किती वाढलं यावर. तो हिशेब हवाच. पण आज मला तुम्हाला न्यायचंय ते ताटं परत येतात त्या जागी. मुलं जेवून उठतात, उरलेलं बादलीत टाकतात आणि हात धुवायला पळतात, ती जागा.

एका शाळेत त्या बादलीशेजारी मी अख्खी जेवणाची सुट्टी उभी होते. शेवटी शेवटी एक छोटी मुलगी आली. ताटातली भाजी जशीच्या तशी. मी विचारलं, "आवडली नाही का गं?" ती म्हणाली, "बाई, घंटा झाली." ताट उपडं केलं आणि वर्गाकडे धावली. रांगेत ती सगळ्यात मागे होती, तिच्या हातात ताट आलं तेव्हा सुट्टी संपायला जेमतेम सात-आठ मिनिटं उरली होती.

त्याच शाळेच्या वार्षिक आराखड्यात उद्दिष्ट लिहिलेलं होतं, 'सर्व मुलांना सकस आहार मिळावा.' वाक्य चांगलं आहे, त्यामागची कळकळही खरी. पण आज ते साधलं की नाही, हे त्या वाक्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या 2024च्या अहवालानुसार जगभरात 46 कोटींहून जास्त मुलं शाळेत जेवतात. एवढ्या मोठ्या कामाचं मोजमाप वाढलेल्या ताटांवर थांबवून कसं चालेल? मुलाच्या पोटात काय गेलं, हेच मोजायला हवं.

आणि ते मोजणं अवघड नाही. एक वजनकाटा, एक वही आणि पाच दिवस. रोज शिजवलेल्या अन्नाचं वजन घ्या, भांड्यात न वाढता राहिलेलं वजा करा, बादलीत पडलेलं वेगळं तोला. समजा, 120 मुलांना प्रत्येकी 300 ग्रॅम वाढलं. झाले 36 किलो. बादलीत 6 किलो आलं. म्हणजे 20 मुलांचं पूर्ण जेवण त्या बादलीत गेलं. हा आकडा मोठ्याने वाचला की बैठकीतली सगळीच माणसं गप्प होतात, हे मी पाहिलंय.

आता उद्दिष्ट ठरवा. 'अन्न वाया जाऊ नये' असं नको. 'या सत्राच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत 6 किलोवरून 3 किलोवर यायचं' असं हवं. आकडा आणि मुदत, दोन्ही. एका सत्रात असं एखादंच उद्दिष्ट घ्या, फार तर दोन. दहा घेतली की वही भरते आणि काम तिथल्या तिथेच राहतं.

पण उपाय ठरवण्याआधी कारण शोधा, आणि त्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना बैठकीत बसवा. त्यांना फक्त निर्णय कळवायचे, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. त्यांना जे ठाऊक असतं ते कुठल्याच तक्त्यात नसतं. एका ताईंनी मला सांगितलं, "शेगडी एकच आहे. म्हणून भाजी सकाळीच उरकावी लागते, वाढेपर्यंत ती थंडगार होते." मुलं भाजी टाकत होती ती यामुळे. आणि गोष्ट नुसत्या चवीची नाही. शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत 60 अंश सेल्सिअसच्या वर राहावं आणि साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथे पाककृती बदलून काय होणार होतं? दुसरी शेगडी हवी होती.

वेळेचंही तसंच. मूल जेवायला बसल्यावर त्याला निदान 20 मिनिटं मिळावीत, अशी अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्य संस्थेची शिफारस आहे. रांगेत गेलेला वेळ यात धरायचा नाही. तुमच्या शाळेत शेवटच्या मुलाला किती मिनिटं मिळतात? घड्याळ घेऊन एकदा बघा.

कृती आराखडा एका पानात मावायला हवा. काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, त्याला काय लागेल आणि झालं की नाही हे कोण बघणार. यातल्या 'कोण'वर माझा सगळ्यात जास्त भर आहे. आपल्याकडे कागदावर 'संबंधितांनी दक्षता घ्यावी' असं लिहिलं जातं. वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, संबंधित म्हणजे दुसरा कुणीतरी. तिथे सरळ नाव घाला. वाढायची दुसरी जागा अमुक बाई अमुक तारखेपर्यंत सुरू करतील. मग दर पंधरा दिवसांनी पाव तास बसा आणि वही उघडा. आकडा हलला नसेल तर कुणाला बोल लावू नका, उपाय बदला.

एक धोका मात्र आहे. बादलीतलं वजन कमी करायचं म्हणून वाढतानाच हात आखडता घेतला जातो, किंवा 'संपवल्याशिवाय उठायचं नाही' म्हणून मुलाला दटावलं जातं. दोन्हींनी आकडा सुधारतो आणि मुलाचं नुकसान होतं. म्हणून वाढलेल्या अन्नाचं वजनही सोबत बघत राहा. थोडं वाढा, पण पुन्हा मागितलं तर हसतमुखाने द्या.

आणि जे मूल ताटच घेत नाही, त्याचं काय? बादलीत त्याचा एक घासही येत नाही. वजनकाट्याला ते दिसत नाही. त्याला एकट्याला गाठून, चारचौघांत नव्हे, विचारा. कधी दात दुखत असतो. कधी रांगेत कुणीतरी चिडवलेलं असतं. कधी फुकटचं खातो असं कुणी म्हणेल, याची लाज वाटत असते. म्हणून त्याच वहीत, वजनाच्या शेजारी, पहिल्या दिवसापासून आणखी एक रकाना आखा : आज जेवायला कोण बसलं नाही.