गॅस कुठे जातो?

मंडळी, मघाशी अध्यक्ष महोदय माझा परिचय करून देत होते, तेव्हा माझं अर्धं लक्ष त्या डावीकडच्या एसीकडे होतं. तो गार करत नाहीये, नुसता वारा घालतोय. संयोजकांना हळूच विचारलं, तर म्हणाले, "गॅस संपला असेल सर, दर उन्हाळ्यात भरावाच लागतो." मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे काम शिकवणारा मास्तर होतो, ट्रेड प्रशीतन आणि वातानुकूलन, म्हणजे फ्रिज-एसी. दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहायचो : एसीतला गॅस संपत नाही. तो स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळून जात नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळालाय, आणि गळती न काढता वरून भरला तर पुढच्या एप्रिलपर्यंत पुन्हा गळणार. म्हणजे दर उन्हाळ्यात तुम्ही जे दोन-तीन हजार मोजता, ते भोक सांभाळायचे मोजता.

पत्रिकेवर विषय छापलाय 'राष्ट्रीय कौशल्य प्रमाणन आणि हरित कौशल्ये'. भारदस्त आहे. पण मला जे कळतं ते या पांढऱ्या खोक्यातून कळतं, तेव्हा तिथूनच बोलेन.

हरित कौशल्य म्हटलं की लोकांना सोलर आठवतं. साहजिक आहे. २०१५मध्ये 'स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स' स्थापन झालं, त्याच वर्षी सोलरचं काम शिकवणारं 'सूर्यमित्र' प्रशिक्षण सुरू झालं, आणि २०२४च्या फेब्रुवारीत एक कोटी घरांच्या छतांवर पॅनेल बसवायची योजना आली. पोरांना कामं मिळताहेत, चांगलं आहे. पण या सगळ्यामुळे एक गैरसमज पक्का झाला, की हरित काम म्हणजे नवं काम. पॅनेल बसवणारा हरित, आणि जुना जोडारी म्हणजे फिटर, संधाता म्हणजे वेल्डर, एसीवाला, हे आपले साधे. माझा अनुभव उलटा आहे. सर्वांत जास्त बिघडतं किंवा सुधारतं ते जुन्याच कामात, आणि तेही अशा एखाद्या मिनिटात, जेव्हा बघायला कोणी नसतं.

ते मिनिट कसं असतं, सांगतो. मे महिना, दुपारचे दोन, इमारतीचा चौथा मजला. घर बदलायचंय म्हणून एसी काढायचा आहे. मेकॅनिक ग्रिलला पाय अडकवून बाहेर लोंबकळतोय. त्या दिवसाचं हे पाचवं काम, अजून दोन बाकी. नियमाचं काम असं, की मशीन चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, कंप्रेसरला सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊ द्यायचा, गेजचा काटा शून्याकडे आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद, आणि मशीन बंद. याला 'पंप डाउन' म्हणतात. पाच-सात मिनिटांचं काम, खर्च शून्य. पण कंप्रेसर जळालेला असेल तर पंप डाउन होत नाही. मग रिकव्हरी मशीननं गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. ते मशीन महाग, जड, आणि चौथ्या मजल्यावर चढवायचं कोणी? मग पान्यानं नट सैल करायचा. फुस्स. मिनिटभर पांढरा फवारा दिसतो, नटावर बर्फ धरतो, संपलं.

गेलं किती? जुन्या एसीत आर-२२ असायचा. तो ओझोनला तर घातक आहेच, पण हवा तापवायची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट. दीड टनाच्या मशीनमधून एक किलो सोडला, तर तो १,८०० किलो धुराच्या बरोबरीचा. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. करा हिशोब. ४५चं ॲव्हरेज देणाऱ्या मोटरसायकलवर पस्तीस हजार किलोमीटर फिरावं लागेल तेवढा धूर करायला, आणि इथे ते एका मिनिटात, एका पान्यानं होतं. नंतर आलेला आर-४१०ए ओझोनला त्रास देत नाही, पण तापवण्यात आर-२२च्याही पुढे, दोन हजारांच्या वर. हल्लीच्या एसींत आर-३२ असतो, तो सहाशे-सातशेच्या घरात. वर्गात ही बेरीज मांडली की मागच्या बाकावरचा एखादा तरी विचारायचा, "सर, मग पकडत का नाहीत?" कोण पकडणार? गॅसला रंग नाही, वास नाही, आणि नट सोडणारा तर कुणाचा नोकरही नसतो.

आता प्रमाणपत्राकडे येतो. आपल्याकडे १९५०मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, त्यातूनच आयटीआय आल्या. १९५६मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद आली, जिला आपण सगळे एनसीव्हीटी म्हणतो. आजही मुलीकडचे लोक विचारतात, 'एनसीव्हीटी आहे का?' २०१३च्या डिसेंबरात कौशल्यांची राष्ट्रीय चौकट अधिसूचित झाली, आधी तिच्या १० पातळ्या होत्या, २०२३मध्ये ८ केल्या. २०१८मध्ये एनसीव्हीईटी नावाची नवी नियामक परिषद जाहीर झाली आणि २०२०च्या ऑगस्टपासून कामाला लागली. मधे एक 'ई' वाढला. या 'ई'नं आमच्या कार्यालयातल्या कारकुनांचे दोन महिने खाल्ले, ते सोडा. चौकट वाईट नाही. कुठल्या कामाला काय यायला हवं हे कुणीतरी लिहून काढलं, तेच मोठं काम आहे. आमच्या ट्रेडच्या अभ्यासक्रमात रिकव्हरी आहे, व्हॅक्यूम आहे, ओझोन आहे. कागदावर काहीच कमी नाही.

पण हे काम मुळात कोण करतं? २०२३-२४च्या आर्थिक पाहणी अहवालात आकडा आहे : १५ ते २९ वयाच्या तरुणांत औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतलेले ४.४ टक्के. बाकीच्यांपैकी ज्यांच्या हातात कला आहे, ते कुणाच्या तरी हाताखाली स्टूल पकडून शिकले. अशांसाठी पूर्वानुभवाला मान्यता देणारं प्रमाणपत्र निघालं. थोड्या तासांची उजळणी, मग परीक्षा, मग कागद. कल्पना उत्तम, आणि मी तिच्या बाजूनं आहे. पण अशी एक परीक्षा मी शेजारी बसून पाहिली, कुठली ते सांगत नाही.

आमच्या भागात एक मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण सातवी. अण्णांनी नळीच्या तोंडाला फ्लेअर मारला, म्हणजे जोडासाठी तोंड फाकवलं, की कुत्र्याच्या छत्रीसारखा गोल, कड चिरलेली नाही, आत तांब्याचा कीस नाही. नट बसवला की साबणाच्या फेसाचा एक बुडबुडा येणार नाही. मंडळी, नव्वद टक्के गळती तिथेच होते असं मी म्हणेन, त्या फ्लेअरमध्ये. गळणारच नाही असा जोड करणाऱ्या माणसाइतका हरित माणूस मला तरी ठाऊक नाही. तर अण्णांपुढे टॅबलेट आला. प्रश्न : 'प्रशीतकाची पुनर्प्राप्ती केव्हा करावी?' खाली चार पर्याय. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "सर, हे काय आहे?" मी म्हटलं, "गॅस परत काढून घेणे." "मग तसं लिहा ना!" शेजारी एक पोरगा होता, त्यानं पंधरा मिनिटांत तीस प्रश्न उडवले. प्रात्यक्षिकाला दोघांनाही मशीनशेजारी उभं करून फोटो काढला, कारण फोटोवर ठिकाण आणि वेळ उमटावी लागते. पान्याला हात लावायची वेळच आली नाही. निकाल लागला तेव्हा दोघंही पास. अण्णांना कमी गुण.

यात परीक्षकाला फार दोष देऊन चालणार नाही. त्याला त्या दिवशी चाळीस जण उरकायचे होते. फ्लेअर तपासायचा तर माणशी अर्धा तास हवा, नळी हवी, नायट्रोजनचा सिलिंडर हवा. नळीत दाब भरून चोवीस तास ठेवली आणि दुसऱ्या दिवशी काटा हललेला नसला की माणूस पास, एवढी सोपी परीक्षा आहे ही. तिला भाषा लागत नाही. फक्त दोन दिवस लागतात, आणि दोन दिवसांचे पैसे कोणी देत नाही.

बरं, समजा परीक्षा चोख झाली. पुढे काय? इथे मी नेहमी वायरमनचं उदाहरण देतो. महावितरणचं नवं मीटर हवं असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो नसेल तर मीटर नाही. म्हणून वीजतंत्री, तारतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, वायरमन झालेला पोरगा परवान्यासाठी धडपडतो. प्रत्येक रिपोर्ट वायरिंग बघूनच लिहिला जातो असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. तरी तिथे एक दार आहे, आणि त्या दाराला त्या कागदाचीच किल्ली लागते. एसीवाल्याच्या कागदाला कुठलं दार आहे? अमेरिकेत १९९४च्या नोव्हेंबरपासून ओझोनला घातक असे गॅस प्रमाणपत्र नसलेल्या मेकॅनिकला दुकानदार विकू शकत नाही. युरोपातही या कामाला प्रमाणपत्र सक्तीचं आहे. माझ्या उभ्या आयुष्यात गॅसचा सिलिंडर घेताना मला कोणी विचारलं नाही की तुमचं शिक्षण काय. विचारलं ते एवढंच, की रोख की उधारी.

आपलं सरकार गप्प बसलंय असं नाही. २०१९च्या मार्चमध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, त्यात २०२२-२३पर्यंत एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. २०२१मध्ये आपण किगाली करार मान्य केला. म्हणजे आर-४१०ए, आर-३२ या जातीच्या गॅसचा वापर २०२८मध्ये गोठवायचा, २०३२पासून टप्प्याटप्प्यानं उतरवायचा आणि २०४७पर्यंत ८५ टक्के कमी करायचा. कारखाने ते करतील, त्यांच्याकडे इंजिनीअर आहेत. पण गॅसचा मोठा हिस्सा कारखान्यात लागतच नाही, तो दुरुस्तीत जातो. म्हणजे करार मान्य केला दिल्लीनं, आणि तो पाळायचाय अण्णांनी.

आणि आता या कामात जीवाचाही प्रश्न आलाय, म्हणून मला घाई वाटते. आर-२९० नावाचा गॅस आलाय. हवा तापवण्याच्या हिशोबात तो जवळजवळ निरुपद्रवी. भारतात गोदरेजनं २०१२च्या सुमाराला त्यावरचे घरगुती एसी आणले. पण आर-२९० म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, प्रोपेन. तुमच्या स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरमध्ये जे असतं त्यातला एक भाऊ. कंपनीच्या मशीनमध्ये तो मोजून, अगदी थोडा भरलेला असतो, वायरिंग तसं केलेलं असतं, म्हणून चालतो. आमच्या जुन्या माणसांची सवय काय? जोड सोडवायचा तर टॉर्च, म्हणजे ज्योतीची बत्ती पेटवायची, जोड लाल करायचा आणि ओढायचा. तीस वर्षं आर-२२वर हे चाललं, कारण आर-२२ पेट घेत नाही. तीच टॉर्च आर-२९०च्या नळीला लावली तर काय होईल, हे सांगायला निदेशक लागत नाही. इथे आधी गॅस काढायचा, नायट्रोजन फिरवायचा, आणि तरीही टॉर्च लावायची नाही, कटरनं नळी कापायची. एवढा एक धडा, 'आधी कटर', हातात बसवायला मला एका बॅचला पूर्ण आठवडा लागायचा. डोक्यात बसायला एक तास पुरतो. हात ऐकत नाहीत. शिवाय काही जण हा गॅस स्वस्त पडतो म्हणून जुन्या आर-२२च्या मशीनमध्ये भरतात. कृपा करून घरी कोणी असं सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तुम्ही विचाराल, आम्ही काय करायचं? तुम्ही गिऱ्हाईक आहात, आणि सध्या तरी एकमेव तपासनीस तुम्हीच. नवा एसी बसवायला माणूस आला की त्याच्याकडे व्हॅक्यूम पंप आहे का बघा. डब्यासारखं यंत्र असतं, घुर्र आवाज करतं. नळ्यांतली हवा आणि ओल त्यानं वीस-तीस मिनिटं ओढून काढायची असते. पंप नसेल तर तो व्हॉल्व्ह किंचित उघडून मशीनमधल्याच गॅसनं ती हवा बाहेर ढकलणार, फुस्स, दहा सेकंदांत. आणि 'गॅस भरायचा किती घेणार' हा प्रश्न विचारू नका. 'गळती कुठे आहे' हे विचारा. ती शोधायचे पैसे वेगळे मागितले तर देऊन टाका. आपण गॅसचे देतो, शोधण्याचे देत नाही, म्हणून कोणी शोधत नाही.

अण्णा मला गेल्या दिवाळीत भेटले. स्कूटरच्या पायाशी व्हॅक्यूम पंप बांधलेला होता, जुना घेतलेला. मी विचारलं, "अण्णा, सर्टिफिकेटचा काही उपयोग झाला का?"

"झाला की," म्हणाले. पाकिटातून लॅमिनेट केलेला कागद काढून दाखवला. "त्या नव्या टॉवरच्या गेटवर वॉचमनला दाखवतो. फोटो बघतो, आत सोडतो."