पासवर अडकलेलं पापलेट

नमस्कार श्रोतेहो.

आधीपासून सांगून ठेवलेलं टेबल, सात-आठ हजारांचं बिल, आणि घरी परतताना गाडीत सगळे गप्प. जेवण नेमकं कुठे फसलं ते कुणालाच सांगता येत नाही. ‘चव नव्हती’ एवढंच म्हटलं जातं आणि खापर आचाऱ्यावर फुटतं. आज त्या आचाऱ्याची बाजू मांडायची आहे. मोठ्या हॉटेलातलं जेवण बहुतेक वेळा शेगडी आणि टेबल यांच्या मधल्या जागेत बिघडतं. पुन्हा सांगतो, शेगडी आणि टेबल यांच्या मधे.

त्या जागेला किचनमधे ‘पास’ म्हणतात. स्टीलचा लांब कट्टा असतो आणि वर गरम दिवे टांगलेले असतात. आचारी तयार प्लेट तिथे ठेवतो, वेटर तिथून उचलतो.

आता टेबल नंबर १४ ची गोष्ट. हॉटेल लोअर परळचं धरा, नाहीतर कोरेगाव पार्कचं धरा. शनिवारी रात्री ही गोष्ट कुठेही अशीच घडते. आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे. आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं, असे सहा जण. आठ चाळीसला ऑर्डर दिली. आजोबांसाठी पापलेट तवा फ्राय, मुलाला तंगडी कबाब, नातवंडांना नूडल्स, आजी शाकाहारी म्हणून त्यांना पनीर टिक्का. सून म्हणाली, ‘दाल मखनी आणि बटर नान पण आत्ताच लिहून घ्या, परत बोलवायला नको.’

पहिली गाठ इथेच बसली. ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनकडे त्या रात्री सात टेबलं होती. एका माणसाने नीट बघायची तर चार, फार तर पाच. त्याने वहीत लिहिलं, वळला, तर शेजारच्या टेबलाने हाक मारली, मग पलीकडच्या. ऑर्डर कॉम्प्युटरवर चढली आठ बावन्नला. म्हणजे बारा मिनिटं ती नुसती त्याच्या खिशात होती, आणि किचनला तिचा पत्ताच नव्हता.

ऑर्डर चढली की केओटी निघते, म्हणजे किचनची चिठ्ठी. ती एका ठिकाणी निघत नाही. तंदूरची तंदूरवर, चायनीजची चायनीजवर, तव्याची तव्यावर. या विभागणीमागे इतिहास आहे. १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याने किचनमधे प्रत्येक कामाला वेगळा माणूस लावला, म्हणजे एकाच प्लेटचे भाग तिघांनी एकदम करायचे आणि वेळ वाचवायचा. आजही मोठं किचन याच पद्धतीने चालतं. मात्र तिला एक अट आहे. पासवर एक जाणता माणूस उभा हवा, जो ओरडून सांगेल की तंदूरला अजून दहा मिनिटं आहेत, तवा थांबव. १४ नंबरच्या रात्री त्या जागेवर कुणी नव्हतं.

मग काय झालं? कढईतल्या नूडल्सना चार मिनिटं लागतात. आठ सत्तावन्नला तयार. पापलेट आठ मिनिटांत, म्हणजे बरोबर नऊला तव्यावरून उतरलं. आचाऱ्याचं काम चोख होतं. कडा सोनेरी, रव्याचं आवरण कुरकुरीत, काट्याजवळचं मांस पांढरं आणि ओलसर. पण तंदूरवर आधीच्या नऊ चिठ्ठ्या रांगेत होत्या. हाडासकट तंगडीला पंधरा मिनिटं तरी लागतात, ती निघाली नऊ चौदाला. एका टेबलाचे सगळे पदार्थ एकत्रच बाहेर न्यायचे हा त्या हॉटेलचा नियम. म्हणजे पापलेट पासवर, गरम दिव्याखाली, चौदा मिनिटं.

चौदा मिनिटांत माशाचं काय होतं? वरून दिवा त्याला वाळवत राहतो. खालून त्याचीच वाफ प्लेटवर अडकते आणि रव्यात मुरते. वरची बाजू कोरडी, खालची बाजू मऊ, ओली पोळी झाल्यासारखी. मांस आतल्या उष्णतेने शिजतच राहतं आणि तंतू सुटे होतात. जाळीवर ठेवलं असतं तर खालून हवा लागली असती. पण जाळीवर प्लेट सजवता येत नाही, म्हणून सपाट प्लेटमधे, शेजारी कोशिंबिरीसारखं काहीतरी आणि वर एक फूल.

फुलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माशाच्या प्लेटमधे फूल नको, लिंबाची मोठी फोड हवी, बिया काढलेली. आणि दिवे एवढे मंद नकोत की काटा दिसू नये. पापलेट तळहाताएवढं आलं तर पुढच्या वेळी तिथे पापलेट मागवू नका, अंडी घालायच्या आधीच पकडलेलं पिल्लू असतं ते. २०२३ मधे महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरवलं, तेव्हा एवढी काळजी आपण करायलाच हवी.

असो. नऊ पंधराला प्लेटा टेबलावर आल्या. पनीर टिक्का नव्हता. तो चुकून १५ नंबरच्या नावावर चढला होता. आता ते टेबल डोळ्यासमोर आणा. आजीपुढची प्लेट रिकामी. आजोबांनी पापलेटचा तुकडा मोडला आणि हात तसाच ठेवला. आजी म्हणतात, ‘अहो, तुम्ही सुरू करा ना, गार होईल.’ आजोबा म्हणतात, ‘येऊ दे तुझं.’ सून वेटरला खूण करतेय, तो ‘दोन मिनिटांत’ म्हणून निघून जातो. नऊ चोवीसला पनीर आलं. तोवर चौदा मिनिटांचं पापलेट चोवीस मिनिटांचं झालं होतं.

आपल्या पंगतीतला वाढपी आठवा. त्याची नजर माणसाच्या तोंडाकडे नसते, पानाकडे असते. कुणाच्या पानात मीठ नाही, कुणाचा भात संपत आलाय, हे त्याला न विचारता कळतं. आणि सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत नाही. वेटरला चार भाषांत मेन्यू पाठ करायला लावण्याआधी हॉटेलांनी त्याला महिनाभर एखाद्या चांगल्या वाढप्याच्या मागे फिरवावं, हे माझं पक्कं मत आहे.

पनीरच्या पाठोपाठ, नऊ सव्वीसला, दाल मखनी आणि सहा नान येऊन धडकले. स्टार्टर अजून समोर, नान ठेवायला जागा नाही. सुनेने सगळं एकदम लिहून घ्या म्हटलं आणि कॅप्टनने ते तसंच चढवलं. ‘मेन होल्ड’ म्हणजे ‘मुख्य जेवण थांबवा’ ही सूचना त्याने टाकलीच नाही. पाच मिनिटांत नान चामड्यासारखा झाला, डाळीवर साय धरली. मुलाने जागेवर चकार शब्द काढला नाही. वाढदिवसाचा विरस नको म्हणून. रात्री फोनवरून एक तारा दिला आणि लिहिलं, ‘आचाऱ्याला मासा करता येत नाही.’

आचाऱ्याला मासा करता येत होता, श्रोतेहो. नऊ वाजता तो मासा उत्तम होता.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. ऑर्डर देताना म्हणा, ‘स्टार्टर आधी टाका, मेन होल्ड करा, आम्ही सांगितल्यावर टाका.’ हेच शब्द वापरा, ‘होल्ड’ आणि ‘टाका’ किचनला लगेच कळतं. मग विचारा, ‘आज कुठे गर्दी आहे, तंदूरवर की तव्यावर?’ चांगला कॅप्टन खरं सांगतो. तंदूर भरलेला असेल तर मासा आणि तंदुरी एकाच फेरीत मागवू नका. ‘तयार होईल तसं आणा’ असंही सांगता येतं. घरच्या जेवणासाठी तेच बरं. लिहून घेतलेली ऑर्डर परत वाचून दाखवायला सांगा, टेबल नंबरासकट.

पदार्थ बिघडलेला असला तर दोन घासांत सांगा. दोन घासांत. अर्धी प्लेट संपवून तक्रार केली की मॅनेजर ऐकतो, पण मनातून मानत नाही. आणि नेमकं सांगा. ‘मजा नाही’ म्हटलं तर किचनला काही कळत नाही. ‘आवरण मऊ पडलंय’, ‘मधे गार आहे’, ‘ग्रेव्ही खारट आहे’ असं सांगा. मासा परत गरम करून आणू देऊ नका, मायक्रोवेव्हमधे तो रबर होतो. नवा मागा. डाळ किंवा ग्रेव्ही मात्र गरम करून चालते.

ग्रेव्हीबद्दल एक. मेन्यूत पन्नास भाज्या असल्या तरी पातेली बहुधा तीन-चारच असतात. टोमॅटोची मखनी, काजूची पांढरी, कांद्याची पिवळी, आणि कांदा-टोमॅटोचा भाजलेला मसाला. त्यात पनीर पडलं की एक नाव, मशरूम पडलं की दुसरं. म्हणून टेबलावरच्या तीन भाज्या सारख्या लागतात. ‘ही कोणत्या ग्रेव्हीत आहे?’ असं विचारा आणि वेगवेगळ्या ग्रेव्हीतल्या मागवा. मेन्यू जितका जाड, तितकी फ्रीजमधे थांबलेली पातेली जास्त.

आता बिल. सर्व्हिस चार्ज, म्हणजे सेवाशुल्क, आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती कायम ठेवली. दहा टक्के लावून आले तर शांतपणे ‘हे काढा’ म्हणा. तो आकार द्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. एक नऊ एक पाच. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, साध्या रेस्टॉरंटमधे पाच टक्के. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांकही असायला हवा. अन्न खराब निघालं तर तक्रारीला तो लागतो, म्हणून बिल फेकू नका, फोटो काढून ठेवा.

बक्षीस द्यायचं तर वेटरच्या हातात द्या, आणि जमलं तर ‘आचाऱ्याला सांगा, मासा छान होता’ असं म्हणा. तो निरोप आत पोचतो.

आणि नान एकदम सहा मागवू नका. दोन-दोन मागवा. पहिले दोन सगळ्यांत वाटून संपेपर्यंत पुढचे दोन तंदूरला लागलेले असतात. पिठाचे गोळे करून ठेवलेलेच असतात, नान दीड-दोन मिनिटांत फुगतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला गरम तुकडा येतो. नमस्कार.