राजवाड्यातला 'वाडा'

(दृश्य: सकाळचा इंदूरचा राजवाडा. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा.)

सात मजले. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत आतला मोठा भाग जळाला, दर्शनी भाग मात्र उभा राहिला. रिक्षावाला याला 'राजवाड़ा' म्हणतो, इथली मराठी घरं 'राजवाडा'. पण तिकडे शिंद्यांच्या ग्वाल्हेरात मधल्या चौकाचं नाव 'महाराज बाड़ा'. तिथे 'ब'.

यावरून 'इंदुरात मराठी उच्चार टिकला, ग्वाल्हेरात हरवला' असं सहज म्हटलं जातं. हा पुरावा टिकत नाही. का, ते पाहायला मुळाकडे जावं लागेल.

संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, आणि कुंपणाने घेरलेली जागाही. प्राकृतात दोन स्वरांमधला एकटा 'ट' मऊ होऊन 'ड' झाला. घटाचा घडा, वटाचा वड, तसा वाटाचा वाडा. आपली चालायची वाट मात्र ही नव्हे. ती 'वर्त्मन्'पासून आली. तिचं प्राकृत रूप 'वट्ट'. जोड 'ट्ट' असल्यामुळे 'ट' मऊ झाला नाही, आणि जोडाक्षर सुटलं तेव्हा आधीचा 'अ' लांबला. तिची हिंदी बहीण 'बाट'. आपण वाट पाहतो, तिकडे बाट जोहतात.

(दृश्य: जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा, आतला चौक.)

कुंपणापासून घरापर्यंतच्या प्रवासात प्रत्येक भाषा वेगळ्या ठिकाणी थांबली. गुजरातीत 'वाड' म्हणजे कुंपणच, 'वाडो' म्हणजे परसू किंवा गुरांचं आवार, 'वाडी' म्हणजे बाग. आणि ज्ञातीची लग्नकार्यं जिथे होतात तीही 'वाडी'. हिंदी 'बाड़ा' मुख्यतः गुरांपाशी राहिला. संस्कृत वाटिकेची बंगालीत 'बाड़ी' झाली, तिचा अर्थ थेट घर. नेपाळीत 'बारी' म्हणजे कोरडवाहू शेत.

मराठीत गुरांचाही वाडा आणि सरदाराचाही. यात विसंगती नाही, रचना पाहा. बाहेर भिंत, तिच्यात दरवाजा, मग देवडी, मग उघडा चौक. ओसरी, सोपा, माजघर हे सगळं त्या चौकाभोवती, मागे परसू. वाड्यात मोकळी जागा भिंतींच्या आत असते, बंगल्यात ती घराच्या बाहेर. म्हणून कितीही मोठा झाला तरी बंगल्याला कोणी वाडा म्हणत नाही.

(दृश्य: दुकानांच्या पाट्या. 'राजवाड़ा' हा शब्द जवळून.)

आता 'व' आणि 'ब'. हिंदीत शब्दाच्या सुरुवातीचा 'व' बहुधा 'ब' होतो: वन–बन, वर्ष–बरस, वट–बड़. मराठी, गुजराती, कोकणीत तो 'व'च राहतो. पण तोच शब्द समासात दुसरा आला की 'व' दोन स्वरांमध्ये सापडतो, आणि तिथे हिंदीकडच्या नावांतही टिकतो: छिंदवाड़ा, भीलवाड़ा, फुलवारी. राजवाडा हाही असाच समास. त्याला मराठीपणा आहे तो बांधणाऱ्या होळकरांमुळे. नुसत्या 'व'वरून तो सिद्ध होत नाही. ग्वाल्हेरचा बाड़ा सुटा शब्द, म्हणून त्याला 'ब'. लखनऊच्या इमामबाड़्यात मध्ये 'ब' ऐकू येतो, कारण तिथे आधीच घडलेला सुटा 'बाड़ा' नंतर जोडला गेला. 'बड़ा इमामबाड़ा' म्हणताना पहिला 'बड़ा' म्हणजे मोठा. त्याचं मूळ प्राकृत 'वड्ड', आपल्या 'वडील'मधलं. कुंपणाशी त्याचा संबंध नाही.

गावांच्या नावांत खरी अडचण येते. संस्कृत 'पाटक' म्हणजे गावाचा एक भाग. सुटा राहिला तेव्हा त्याचा मराठीत 'पाडा' झाला, बंगालीत मोहल्ल्याचा 'पाड़ा'. समासात मात्र दोन स्वरांमधल्या 'प'चाही 'व' होतो: गुजरातच्या जुन्या राजधानीचं, अणहिलपाटकाचं, अणहिलवाड झालं. म्हणजे कुंपणाचा वाडा आणि वस्तीचा पाडा, दोन्ही समासात एकसारखेच दिसतात. अशा वेळी ताम्रपटात किंवा शिलालेखात जुनं रूप सापडलं तरच निवाडा होतो, नुसत्या आजच्या उच्चारावर नाही.

(दृश्य: वडोदरा. एक जुना वड, पारंब्या जमिनीला टेकलेल्या.)

वडोदऱ्याच्या नावात वाडाही नाही आणि पाडाही नाही. ते 'वटोदर'वरून आलं असं मानतात: वट आणि उदर, वडाच्या पोटातलं गाव.