भोर घाट, साल १८६६

(काळा पडदा. लांबून, दमत चढणाऱ्या वाफेच्या इंजिनाचा आवाज.)

कर्जतला गाडी थांबते, मागे गाडीला ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, वडापाव हातात येतो आणि घाट सुरू होतो. ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा. आपण सगळे हाच रस्ता ओळखतो. पण १९२९ पर्यंत गाड्या वेगळ्या वाटेनं चढायच्या. डोंगराच्या अरुंद सोंडेवर रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथं गाडी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडानं खंडाळ्याकडे निघायची.

ती वाट मी ट्रेन सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर रेल्वे चालवण्याच्या खेळात, उभी करतोय. साल ठरवलंय १८६६. का, ते पुढे येईलच.

(पडद्यावर उंचीच्या ठिपक्यांची जाळी.)

सुरुवात जमिनीपासून. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानानं रडारनं पृथ्वीची उंची मोजली. ती माहिती आज फुकट मिळते, साधारण दर ३० मीटरला एक आकडा. ती भरली आणि सह्याद्री समोर आला. पण नागफणीचा कडा बोथट झाला होता! सरळ तुटलेला कातळ ३० मीटरच्या चाळणीतून उताराची टेकडी होऊनच बाहेर पडतो. कडे मग हातानं कोरले, फोटो शेजारी ठेवून, एकेक.

त्याहून अवघड काम पुसण्याचं. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तळी टाटांच्या वीजप्रकल्पाची. खोपोलीचं वीजघर सुरू झालं १९१५ साली. म्हणजे १८६६ मध्ये तिथं पाणी नव्हतं, खोरी होती. रडारला मात्र फक्त पाण्याचा सपाट पृष्ठभाग दिसतो, खालची जमीन नाही. म्हणून काठाचे उतार आत वाढवत नेले, वरून येणारे ओढे धरणाखालच्या नदीपात्राशी जोडले. बरोबर किती, चूक किती, हे पाणी आटल्याशिवाय कळणार नाही. पण इंद्रायणीला तिची वाट परत मिळाली, याचं मला फार समाधान आहे.

एक्स्प्रेस वेही पुसला. उलट, एप्रिल २०२० मध्ये पाडलेला अमृतांजन पूल परत बांधला. तो १८३० चा. जाहिरातीवरून पडलेलं ते नाव मात्र तेव्हा नव्हतं.

(जुना फोटो: कड्यावरची रुळांची पायरी.)

आता रूळ. सर्वांत तीव्र चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. जवळपास २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट उंची आणि २५ बोगदे. सिम्युलेटरमध्ये आधी रूळ टाकायचे आणि मग जमीन त्यांच्यापर्यंत ओढायची. माऊसच्या एका फटक्यात पायरी तयार!

खऱ्या घाटात त्याच पायरीसाठी माणसं दोरांना लटकून कातळात सुरुंगाची भोकं पाडत होती. १८६१ च्या जानेवारीत इथं ४२ हजार मजूर होते. कॉलऱ्यानं किती गेले, त्यांची नावं कुठल्याच नकाशावर नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि काही आठवड्यांत वारला. कंत्राट पुढे त्याची पत्नी ॲलिस हिनं चालवलं. हे वाचल्यापासून तो माऊसचा फटका मी सावकाश मारतो. एका बोगद्याच्या तोंडाला एक संध्याकाळ देतो.

(आठ कमानींचा दगडी पूल, पहाटेच्या धुक्यात.)

आणि हा पूल. इंग्रजी कागदांत याचं नाव 'म्हाऊ की मल्ली'. जुलै १८६७ मध्ये तो कोसळला. म्हणून १८६६.

घाट उघडा ठेवलाय. जुन्या फोटोंत डोंगरावर आजच्यासारखी दाट झाडी दिसत नाही. त्या उघड्या उतारावर धूर आधी दिसतो, गाडी नंतर. ती पुलावरून येते, रिव्हर्सिंग स्टेशनात थांबते. इंजिन सुटतं. दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत डबे सोंडेवर नुसते उभे असतात. खाली कोकण.

(वाऱ्याचा आवाज. कपलिंग लागल्याचा ठणका.)