ओहोटीच्या वेळापत्रकावर चालणारी शाळा

मालवणच्या किनाऱ्यालगत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळच, पद्मगडाचे छोटेसे खडकाळ बेट आहे. मोठ्या ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून तिथे चालत जाता येते, आणि अशी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मिळते. त्यामुळे इथल्या शालेय अभ्याससहलीची तारीख ठरवताना सुट्ट्यांच्या यादीआधी तिथी पाहावी लागते. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हा भूगोलाच्या पुस्तकातला धडा मुलांना इथे पायाखाली अनुभवता येतो.

पाणी उतरले की खडकावर पट्टे उघडे पडतात. सर्वांत वरच्या, क्वचितच भिजणाऱ्या पट्ट्यात बारीक गोगलगायी कपारीत दाटीने बसलेल्या असतात आणि शंखाचे तोंड झाकणाने बंद करून आतला ओलावा टिकवतात. त्याखाली बार्नेकलचे पांढरट, खरखरीत थर दिसतात. कोरडा दगड समजून मुले ज्यावर पाय देतात, तो प्रत्यक्षात झिंग्या-खेकड्यांचा नातलग असतो; उन्हात तो आपल्या कवचाची दारे लावून घेतो आणि भरती आली की पिसांसारखे पाय बाहेर काढून पाण्यातले अन्न गाळून खातो. कोणत्या उंचीवर काय सापडते, हे खडकावरची कालवे (खाण्याचे शिंपले) काढायला येणाऱ्या बायकांना कोणत्याही तक्त्याशिवाय ठाऊक असते, आणि खरे तर सहलीच्या पहिल्या मार्गदर्शक त्याच असायला हव्यात.

डबक्यातला एखादा शंख अचानक चालू लागतो, तेव्हा मुलांचा घोळका तिथेच थबकतो. शंखातल्या या खेकड्याचे पोट मऊ आणि वळलेले असल्याने मेलेल्या गोगलगायीचा शंख हेच त्याचे संरक्षण, आणि अंग वाढले की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. वर्गातल्या प्रदर्शनासाठी पिशव्या भरून शंख नेण्याची जुनी सवय म्हणूनच सोडायला हवी. शिवाय १९८७ साली घोषित झालेल्या, २९.१२ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्याचा हा गाभ्याचा भाग आहे.

भरती लागण्याआधी किनाऱ्यावर परतणे भाग असते. वाळूवर मर्यादवेल पसरलेली दिसते; तिच्या पेरापेरांना मुळे फुटतात आणि सरकती वाळू तिच्या जाळ्यात अडकून राहते.

दुपारी हीच मुले कोळंबच्या खाडीकाठी जातात. चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वासमुळे पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, तर कांदळ या दुसऱ्या खारफुटीचे बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखे लोंबते. खाऱ्या पाण्याचा प्रश्न मात्र दोघांनी वेगवेगळ्या रीतीने सोडवला आहे: कांदळ बरेचसे मीठ मुळाशीच अडवतो, आणि तिवर ते आत घेऊन पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. तिवराच्या पानाला जीभ लावून पाहिलेला विद्यार्थी हा फरक परीक्षेत सहसा चुकवत नाही.