शोमोलूचे छापखाने

लागोसमधलं हे शोमोलू. सकाळ झाली की गल्लीगल्लीत जनरेटर धडधडू लागतात. हातगाड्यांवर कागदाची रिमं, डोक्यावर छापील कव्हरांचे गठ्ठे. नायजेरियात पदरच्या पैशाने पुस्तक काढणाऱ्या कितीतरी लेखकांची वाट इथूनच जाते.

आज मशीनवर १९२ पानांची कादंबरी आहे, नायजेरियातल्या योरुबा भाषेतली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नॅशनल लायब्ररीकडून आधीच घेतलाय. नायजेरियाचा क्रमांक ९७८-९७८ ने सुरू होतो.

एका तावावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं, हा झाला एक फर्मा. असे बारा फर्मे, आणि तावाच्या प्रत्येक बाजूला छपाईचा एक पत्रा, म्हणजे २४ प्लेटा. हजार प्रतींना एटू आकाराचे १२,००० ताव, म्हणजे पाचशे तावांची २४ रिमं. शाई आणि मिलावणी, म्हणजे छपाई नेमक्या जागी बसणं, जमेपर्यंत वाया जाणारे ताव वेगळे. ते धरले नाहीत, तर शेवटच्या फर्म्याला कागद कमी पडतो, आणि ऐनवेळी आणलेल्या कागदाचा पांढरेपणा जुळत नाही.

आता ही प्लेट जवळून बघा. शब्द आहे ‘ऑकॉ’. दोन्ही स्वरांखाली टिंब हवंच. वर रेघ नसेल तर अर्थ नवरा. शेवटच्या स्वरावर चढती रेघ आली की कुदळ, उतरती आली की गाडी! पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केला नसेल, म्हणजे फाइलमध्येच भरून दिला नसेल, तर छापखान्याच्या संगणकावर ही टिंबं आणि रेघा गळतात, कधी त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात. आपले अनुस्वार उडाले तर आपण ते पुस्तक हातात धरू का? म्हणून प्रत्येक फर्म्याचा पहिला ताव भिंगाखाली घ्यायचा, मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडायची, आणि मगच मशीन पुढे सोडायचं. लेखकाने त्या वेळी मशीनपाशी उभं असलंच पाहिजे. या घटकेला चूक सापडली तर एक प्लेट बदलते. उद्या सापडली तर अख्खा फर्मा रद्दी.

घडी, जुळणी, मग कणा खरवडून त्यावर गरम गोंद. मध्येच वीज गेली आणि गोंद थंडावला, तर तो कागदात मुरत नाही, पानं सुटतात. पहिली प्रत मधोमध उघडून एक पान ओढून बघायचं.

तीन प्रती कायद्यानुसार नॅशनल लायब्ररीला. दुकानं बरेचदा विक्रीनंतरच पैसे देतात. बाकीचे गठ्ठे सुतळीने आवळून पिवळ्या डान्फो बसमध्ये चढतात.