सही भाऊसाहेबांची

चिऱ्याच्या भिंती, कौलांवर शेवाळ, दारात ओल्या छत्र्या. किनाऱ्यालगतच्या एका गावातलं हे तलाठी कार्यालय. टेबलामागे भाऊसाहेब. वय 57, निवृत्ती 58 ला. लॅपटॉप मात्र कोपऱ्यात, एका पोरगेल्या मुलाच्या मांडीवर. हा सरकारी नोकर नव्हे. भाऊसाहेबांनी पदरचे पैसे मोजून ठेवलाय.

डोंगराकडची वरकस, म्हणजे हलक्या पिकाची जमीन, कोण कसतो, मुंबईला जाताना कुठल्या भावाने हिस्सा कुणाच्या हवाली केला, हे भाऊसाहेब दफ्तर न उघडता सांगतात. तोच फेरफार संगणकावर चढवायचा म्हटला की मान आपोआप कोपऱ्याकडे वळते.

एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे हो त्यांच्याकडे! वेतनवाढ अडू नये म्हणून केलेलं, फाइलला लावलेलं.

कोकणातला सातबारा म्हणजे चार गुंठ्यांना वीस नावं. निम्मे चाकरमानी, काही कधीचेच वारलेले. हस्तलिखितातली ही नावं संगणकात घेताना चुका राहिल्या, म्हणून 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. 2018 च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन मिळू लागला. बोरिवलीच्या माणसाची एक रजा आणि एसटीची रात्र वाचली, हे खरंच.

पण ही सही म्हणजे एक डोंगल आणि एक पिन. डोंगल मुलाच्या लॅपटॉपला. पिन भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पेन्सिलीने. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 म्हणतो, सहीची किल्ली ज्याची त्यानेच सांभाळायची. उद्या नाव चुकलं तर खातेदाराने जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज करायचा, तहसीलला खेपा घालायच्या. जाब भाऊसाहेबांना. मुलगा कुठल्याच कागदावर नाही.

3 जून 2020. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. दापोली, मंडणगडपर्यंत कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज नाही, मोबाइलचे टॉवर मुके. तेव्हा भाऊसाहेब कोरे कागद घेऊन चिखलातून वाडीवाडीत फिरले. कुणाच्या आगरात किती पोफळी उभ्या होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. पंचनाम्याला दुसरं काय लागतं? पुढे याद्या टाइप करायची वेळ आली. खाते क्रमांक, आयएफएससी. पुन्हा तोच कोपरा, तोच मुलगा. एका आजीच्या खात्याचा एक आकडा चुकला आणि तिची मदत कित्येक महिने लटकली. आजी भांडायला आली ती भाऊसाहेबांशी. त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

वरिष्ठांना हे माहीत नाही असं नाही. काम वेळेत अपलोड होतंय ना, मग कोण विचारतो?

बाहेर सर धरली आहे. सकाळपासून सर्व्हर बंद. दुपारी रेंज येते, मुलगा पिन टाकतो. एक उतारा, दुसरा, तिसरा. सह्या होत जातात.

भाऊसाहेब चष्मा पुसत विचारतात, "कोणाचा होता रे आता?"